हॉटेल साखर, व्हिएन्ना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएन्नात राहायला लागल्यापासून उन्हाळा आला की माझा फोन वाजायला लागतो. पुण्याहून मावसबहीण, ठाण्याहून भाच्याचे मित्र, कधी नवऱ्याच्या ऑफिसमधल्या कुणाचे आईवडील. सगळे विचारतात तेच: "तो केकवाला हॉटेल बघायचाय, कसं करायचं?" तीच उत्तरं इतक्यांदा दिली आहेत की आता एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

नावाचा उच्चार काय? सॅकर, साचर, झाखेर?

मराठी माणसाला हे सगळ्यात सोपं आहे. साखर म्हणा. जर्मनमध्ये 'आ'नंतर येणारा तो घशातला आवाज आपल्या 'ख'च्या जवळचा आहे. जर्मनीत सुरुवातीच्या अक्षराचा 'झ' करतात, पण व्हिएन्नाची माणसं स्वच्छ 'स' म्हणतात. शेवटचा 'र' ती जवळजवळ गिळतात, तेवढाच फरक. हे एका घराण्याचं आडनाव आहे, आपल्या साखरेशी त्याचा काही संबंध नाही. पण माझ्या सासूबाईंनी वेटरसमोर "साखर टोर्ट" (टोर्ट म्हणजे केक) असं ठणठणीत म्हटलं, तेव्हा त्यानं एकदाही "काय?" असं विचारलं नाही. या पानावर मी तसंच लिहिणार आहे.

कुठे आहे आणि कसं जायचं?

सरकारी ऑपेराच्या बरोब्बर मागे, फिलहार्मोनिकर श्ट्रासे ४. मेट्रोच्या यू१ किंवा यू४ लाइननं कार्ल्सप्लात्झला उतरायचं आणि 'ओपर' लिहिलेल्या बाजूनं वर यायचं. ऑपेराला वळसा घातलात की लाल छत्र्या आणि रांग दिसेल. विमानतळावरून येत असाल तर रेल्वेनं मुख्य स्टेशनला या, तिथून यू१नं दुसरं स्टेशन. टॅक्सीची काही गरज नाही.

तिथे राहत नसलो तर आत सोडतात का?

हो, आरामात. कॅफेला स्वतंत्र दार आहे आणि तिथे कुणीही बसू शकतं. हॉटेलची रेस्टॉरंटंसुद्धा बाहेरच्यांसाठी खुली असतात, फक्त टेबल आधी राखून ठेवावं लागतं. लॉबीत मात्र केवळ फोटो काढायला घुसू नये. तिथे लोक पैसे मोजून राहतात, त्यांचं ते तात्पुरतं घर असतं.

रांग किती असते?

दुपारी दोन ते पाच गेलात तर बराच वेळ उभं राहावं लागतं. डिसेंबरमध्ये, नाताळचे बाजार भरलेले असताना, विचारूच नका. सकाळी उघडल्या उघडल्या जा. पाऊस पडत असेल तर आणखी उत्तम, तेव्हा पर्यटक म्युझियममध्ये गेलेले असतात. वेळा बदलत असतात, तेव्हा त्या आधी बघून घ्या.

साखरटोर्ट म्हणजे नेमकं काय? शेवटी चॉकलेट केकच ना?

केकच, पण त्याची गोष्ट आधी सांगते. १८३२ साली ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री मेटरनिख यांनी पाहुण्यांसाठी काहीतरी नवं गोड करायला सांगितलं. मुख्य आचारी नेमका आजारी. मग स्वयंपाकघरात शिकायला असलेल्या सोळा वर्षांच्या फ्रान्झ साखरवर ते काम आलं आणि त्यानं हा केक केला. घराणं ही गोष्ट अशीच सांगत आलं आहे. पुढे त्याचा मुलगा एडुआर्ड शाही पुरवठादार असलेल्या 'देमेल' या मिठाईवाल्यांकडे शिकला, तिथे त्यानं कृती घोटून घोटून पक्की केली, आणि १८७६ मध्ये हे हॉटेल काढलं.

आता केक. चॉकलेटचा घट्ट स्पंज आडवा कापतात, मधे जर्दाळूचा जॅम लावतात, वरून आणि कडेनंही तोच जॅम पातळ फासतात आणि मग त्यावर चॉकलेटचा थर ओततात. हा थर म्हणजे आपल्याकडे केकवर असतं तसं मऊ क्रीम नाही. साखर आणि पाणी उकळून पाक करायचा, त्यात चॉकलेट विरघळवायचं, घोटायचं आणि नेमक्या क्षणी एका दमात ओतायचं. पाकाचे लाडू करणारीला हा नेमका क्षण काय चीज आहे ते सांगावं लागत नाही. पाक पुढे गेला की थर दगड होतो, मागे राहिला की ओघळतो. नीट जमलेल्या थराला आरशासारखी झाक येते. काट्यानं दाबलं की तो आधी किंचित अडतो, मग हलकेच मोडतो, आणि जिभेवर साखरेची बारीक कणी लागते. ती कणी म्हणजे बिघाड नव्हे, हा केक तसाच असायला हवा.

वर चॉकलेटचाच गोल शिक्का असतो. वर्षाला साडेतीन लाखांहून जास्त केक होतात, आणि आजही त्यातलं बरंचसं काम हातानं चालतं.

अंडं असतं का?

असतं, आणि भरपूर असतं. स्पंज फुलतो तोच फेटलेल्या अंड्यांवर. अंडं चालत नसेल तर हा केक तुमच्यासाठी नाही. कुणी "थोडंसंच असतं हो" म्हणालं तरी ऐकू नका.

मग काय घ्यायचं? गरम चॉकलेट घ्या, वर फेटलेली साय घालून. सफरचंदाचं श्ट्रूडेलही असतं, पण त्याच्या पारीत काही ठिकाणी अंडं घालतात, तेव्हा विचारूनच मागवा. जर्मनमध्ये "इस्ट दा आय ड्रिन?" म्हणजे "यात अंडं आहे का?" वेटरना असे प्रश्न रोज येतात, ते आत जाऊन खात्री करून येतात. संकोच करू नका. माझ्या सासूबाई अंडं खात नाहीत. त्यांनी चॉकलेटचा एक कप तासभर पुरवला, शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या बाईंशी हातवाऱ्यांनी गप्पा मारल्या आणि परत आल्यावर कोल्हापूरला फोन करून सगळ्यांना सांगितलं की तिथली साय आपल्या घरच्या सायीसारखीच असते, नुसती, बिनसाखरेची.

एवढं नाव ऐकलं आणि केक कोरडा निघाला. आमचं काही चुकलं का?

बहुतेक साय बाजूला सारलीत. ती सजावट नाही. बशीत केकच्या शेजारी जो 'श्लागओबर्स'चा ढीग येतो, त्यात साखर नसते आणि ती मुद्दामच घातलेली नसते. केकचा घट्टपणा आणि वरच्या पाकाचा गोडवा त्या सायीशिवाय झेपत नाही. प्रत्येक घासाला थोडी साय घ्यायची. सोबत कॉफी, शक्यतो 'मेलांज', म्हणजे वर दुधाचा फेस असलेली. कॉफीबरोबर चांदीच्या रंगाच्या छोट्या ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास येतो, त्याचे पैसे पडत नाहीत.

तरीही कोरडा वाटला तर वाटला. मऊ, ओलसर केकची सवय असलेल्यांना तो पहिल्या भेटीत आवडेलच असं नाही. मला स्वतःला तिसऱ्यांदा खाल्ल्यावर आवडला.

'देमेल'चा खरा की साखरचा खरा?

हा प्रश्न कोर्टात गेला होता, आणि तोसुद्धा कित्येक वर्षांसाठी!

झालं असं. एडुआर्डनं कृती पक्की केली ती देमेलमध्ये. पुढे १९३४ मध्ये हॉटेलचं दिवाळं निघालं, तेव्हा त्याच्या मुलानं 'एडुआर्ड साखरटोर्ट' विकायचा हक्क देमेलला दिला. हॉटेल विकत घेतलेल्या नव्या मालकांनी १९३८ पासून 'ओरिजिनल साखरटोर्ट' या नावानं विक्री सुरू केली. मग महायुद्ध आलं आणि भांडण थांबलं. १९५४ मध्ये ते पुन्हा कोर्टात उभं राहिलं. 'ओरिजिनल' कुणी म्हणायचं? मधे जॅमचा थर मुळात होता की नव्हता? लोण्याऐवजी मार्गारिन चालेल का? लेखक फ्रीडरिख टोर्बर्ग दोन्ही ठिकाणचे नेहमीचे गिऱ्हाईक, त्यांची साक्ष झाली. एडुआर्डची बायको अ‍ॅना साखर हयात असताना केक मधोमध कापून जॅम कधीच भरला जात नव्हता, असं त्यांनी सांगितलं. शेवटी १९६३ मध्ये तडजोड झाली. 'ओरिजिनल साखरटोर्ट' हे नाव हॉटेलकडे गेलं. देमेलला त्रिकोणी शिक्का लावून 'एडुआर्ड साखरटोर्ट' विकायची मोकळीक मिळाली.

म्हणून गोल शिक्का साखरचा आणि त्रिकोणी देमेलचा. साखरमध्ये जॅम मधेही असतो, देमेलमध्ये फक्त वरच्या थराखाली. देमेल कोलमार्क्टवर आहे, चालत दहा मिनिटं. अंतर एवढं थोडं असताना वाद ऐकण्यापेक्षा दोन्ही खाऊन बघावेत. मला विचाराल तर मधला जॅम मला हवा असतो.

अ‍ॅना साखर कोण?

हा प्रश्न मला फार कमी लोक विचारतात, आणि खरं तर या हॉटेलबद्दल आधी हाच विचारायला हवा. केक फ्रान्झचा, इमारत एडुआर्डची, पण आज ज्याला आपण हॉटेल साखर म्हणतो ते अ‍ॅनाचं आहे.

ती व्हिएन्नातल्या एका खाटकाची मुलगी. जन्म १८५९ चा. १८८० मध्ये एडुआर्डशी लग्न झालं आणि ती हॉटेलच्या कामाला लागली. १८९२ मध्ये एडुआर्ड गेला. पदरात मुलं, वय तेहतीस. त्या काळच्या विधवेनं एखाद्या दिराच्या किंवा व्यवस्थापकाच्या हाती किल्ल्या दिल्या असत्या तर कुणी आश्चर्य केलं नसतं. तिनं त्या आपल्याच कमरेला ठेवल्या आणि पुढची पस्तीसहून जास्त वर्षं हॉटेल चालवलं.

तिचे फोटो जरूर बघा. काळा पोशाख, गळ्यात मोत्यांच्या माळा, पायाशी किंवा मांडीवर बुटके फ्रेंच बुलडॉग. आणि ती सिगार ओढायची, चारचौघांत, सम्राट फ्रान्झ योसेफच्या व्हिएन्नात. कुत्र्यांचं नावच शहरात 'साखर बुली' पडलं होतं.

तिच्या काळात हॉटेलात खासगी जेवणाच्या छोट्या खोल्या होत्या. राजपुत्र, मंत्री, सेनापती, ऑपेरातल्या गायिका तिथे बसत. साम्राज्याचे किती निर्णय त्या बंद दारांआड शिजले असतील! सम्राटाचा पुतण्या आर्चड्यूक ओटो एकदा अंगावर फक्त तलवार आणि टोपी अशा अवस्थेत खोलीतून बाहेर आला आणि समोर परदेशी पाहुणे उभे होते, ही कथा व्हिएन्ना अजून सांगते. अ‍ॅनाच्या तोंडून असं काही कधी बाहेर पडलं नाही. एवढ्या मोठ्या लोकांची एवढी गुपितं पोटात ठेवायची, बिलं वसूल करायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांचं हसून स्वागत करायचं, याला जिवाचं बळ लागतं.

मोठ्या पाहुण्यांकडून ती एका टेबलक्लॉथवर सह्या घ्यायची आणि मग त्या दोऱ्यानं भरून काढायची. मधोमध सम्राटाची सही. पेन्सिलच्या रेघेवर टाका टाका करत बसलेली अ‍ॅना मला तिच्या सिगारवाल्या फोटोपेक्षा जवळची वाटते.

१९१८ मध्ये साम्राज्य कोसळलं. १९१९ मध्ये सरदारांच्या पदव्या कायद्यानंच रद्द झाल्या. तिचे जुने गिऱ्हाईक कंगाल झाले, तरी तिनं त्यांना दारातून परत पाठवलं नाही. ते जुन्या टेबलांवर बसत राहिले, उधारीवर. हिशेबाच्या दृष्टीनं ते चूकच होतं. १९३० मध्ये ती गेली आणि चार वर्षांत हॉटेल बुडालं. पण ज्यांच्या जिवावर आपण मोठे झालो त्यांना पडत्या काळात ताटावरून उठवायचं नाही, हा तिचा हिशेब मला समजतो. त्यानंतर हॉटेल घेणाऱ्यांत गुर्टलर कुटुंब होतं. आजही ते त्याच कुटुंबाकडे आहे, कुठल्याही मोठ्या साखळीत गेलेलं नाही.

राहायला किती खर्च येतो? तेवढे पैसे घालावेत का?

दीडशेच्या आसपास खोल्या आहेत आणि रात्रीचा दर क्वचितच ५०० युरोंच्या खाली येतो. ऑपेराकडे तोंड असलेल्या मोठ्या खोल्या याच्या कितीतरी पुढे. फेब्रुवारीच्या सुमाराला ऑपेरा बॉल, म्हणजे ऑपेरातला मोठा नाचसोहळा असतो, त्या आठवड्यात दर विचारायचेच नाहीत.

लग्नाचा पन्नासावा वाढदिवस वगैरे असेल आणि ऐपत असेल तर एक रात्र राहा. भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली खरी तैलचित्रं आहेत, काही सुइट्सना ऑपेरांची नावं आहेत, आणि नोकरवर्ग नावानं हाक मारतो. नाहीतर माझा सल्ला असा: जवळपास साधं हॉटेल घ्या आणि वाचलेल्या पैशांत ऑपेरा बघा. उभ्यानं बघायची तिकिटं वीसेक युरोंच्या आत मिळतात. समोर कठड्याला आपला स्कार्फ बांधला की जागा आपली, इथली रीत आहे ती.

जेवायला काय मिळतं?

रोटे बार आणि ग्र्यूने बार, म्हणजे लाल आणि हिरवं, ही दोन रेस्टॉरंटं. नावात बार असलं तरी ती जेवायची ठिकाणं आहेत. इथला नावाजलेला पदार्थ 'टाफेलश्पित्स', मंद आचेवर उकळलेलं गोमांस, सोबत सफरचंद घालून किसलेलं तिखटजाळ हॉर्सरॅडिश, म्हणजे मुळ्यासारखं एक झणझणीत मूळ. खात नसाल तर आधीच सांगा, मेन्यूत शाकाहारी पदार्थही असतात. कॅफेत 'साखर व्युर्स्टल' मिळतात, ते लांब सॉसेज. नाव सारखं म्हणून गोड समजून मागवू नका, एका भाच्यानं मागवले होते.

कपड्यांचं काय?

कॅफेत स्वच्छ, नीटनेटके पुरे. रेस्टॉरंटमध्ये संध्याकाळी जरा बरे. साडी नेसून गेलात तर दुधात साखर. जाड कोट मात्र दाराशी जमा करायचा, खुर्चीवर टाकायचा नाही.

युद्धात हॉटेलचं काय झालं?

१२ मार्च १९४५ ला अमेरिकी बॉम्बफेकीत समोरचा ऑपेरा जळला. त्याच दिवशी हॉटेलपलीकडची फिलिपहोफ नावाची मोठी इमारत कोसळली आणि तळघरात आसरा घेतलेले शेकडो लोक गाडले गेले. त्यांतले कित्येक अजून तिथेच आहेत, ती इमारत पुन्हा बांधली गेली नाही. आज त्या मोकळ्या जागेवर शिल्पकार आल्फ्रेड हर्डलिच्का यांचं युद्ध आणि फॅसिझमविरोधी स्मारक आहे. केकच्या रांगेतून ते दिसतं. त्यात नाझी काळात रस्ता घासायला लावलेल्या ज्यू म्हाताऱ्याची वाकलेली ब्राँझची आकृती आहे. लोक तिच्यावर बसायचे म्हणून पुढे वर काटेरी तार लावावी लागली. तुम्ही तिथे थोडा वेळ थांबा.

युद्धानंतर शहर चार देशांच्या ताब्यात गेलं आणि साखर ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे. १९४८ मध्ये इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन इथे उतरले होते. काळ्या बाजारातलं पेनिसिलिन आणि शहराखालची गटारं यांची माहिती त्यांना व्हिएन्नात मिळाली, आणि त्यातून 'द थर्ड मॅन' हा चित्रपट झाला. ऑपेरा पुन्हा उघडला तो नोव्हेंबर १९५५ मध्ये.

बीटल्सचा जॉन लेनन इथे गोणीत बसला होता, हे खरं का?

खरं. ३१ मार्च १९६९. तो आणि योको ओनो पांढऱ्या पिशवीत शिरून पत्रकारांशी बोलले. माणसाचं रूप, रंग न बघता नुसतं म्हणणं ऐका, असा त्यांचा आग्रह होता.

केक भारतात नेता येतो का?

लाकडी पेटीतला घ्या, तो त्यासाठीच असतो. दोनेक आठवडे टिकतो. बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा. घरी पोचल्यावर फ्रिजमध्ये टाकू नका, वरच्या थराला घाम फुटतो आणि झाक जाते. मी पहिल्या वर्षी मे महिन्यात नेला होता. मुंबई ते कोल्हापूर गाडीच्या डिकीत राहिला आणि पेटी उघडली तेव्हा शिक्का घसरून कडेला आला होता. तेव्हापासून डिसेंबर-जानेवारीतच नेते. लहान चौकोनी तुकडेही मिळतात, वाटायला ते सोयीचे.

हॉटेलच्या आधी या जागेवर काय होतं?

नाट्यगृह. केर्न्टनरटोर नावाचं, शहराच्या जुन्या वेशीपाशी. १८७० मध्ये ते पाडलं आणि त्या जागेवर ही इमारत उठली. त्याच परिसरातल्या एका खोगीरवाल्याच्या विधवेच्या घरात १७४१ मध्ये संगीतकार विवाल्डी गरिबीत वारला. ते घरही गेलं, पण त्याच्या नावाचा फलक हॉटेलवर आहे.

आणि ७ मे १८२४ ला त्या नाट्यगृहात बीथोवनची नववी सिंफनी पहिल्यांदा वाजली. बीथोवन तेव्हा पूर्ण बहिरा होता. संगीत संपलं, लोक उठून टाळ्या वाजवत होते, आणि त्याची प्रेक्षकांकडे पाठ होती. शेवटी कारोलीन उंगर नावाच्या तरुण गायिकेनं त्याला हाताला धरून वळवलं, तेव्हा त्याला ते हलणारे हात आणि रुमाल दिसले. आज तुम्ही केकसाठी जिथे रांगेत उभे राहता, ते इथेच घडलं.

वेटरला टिप किती द्यायची?

बिलाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. टेबलावर ठेवून जाऊ नका. पैसे देतानाच एकूण किती घ्यायचे तो आकडा सांगा.